ठाणे, सोपारा ते कोल्लम : भारतातील पहिले लॅटिन बिशप जॉर्डानुस

भारतातील कॅथलिक धर्मपीठांचा इतिहास सांगताना बहुधा गोव्यापासून सुरुवात केली जाते. वास्को द गामा १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लागला, १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क याने गोवा घेतले आणि १५३० च्या दशकात तेथे स्वतंत्र धर्मप्रांत उभा राहिला, हा क्रम शालेय पुस्तकांतूनही परिचित आहे. परंतु गामाच्या आगमनापूर्वी सुमारे पावणेदोनशे वर्षे, ऑगस्ट १३२९ मध्ये, पोप जॉन बाविसावे यांनी फ्रान्समधील आव्हिन्यों येथून केरळातील कोल्लम बंदरासाठी एका बिशपांची नियुक्ती केली होती. त्यांचे नाव जॉर्डानुस कातालानी. या डॉमिनिकन व्रतस्थाची भारताशी पहिली ओळख झाली ती मात्र केरळात नव्हे, तर ठाणे आणि सोपारा या उत्तर कोकणातील दोन बंदरांत. त्यांच्या चार सहकाऱ्यांचा मृत्यू ठाण्यात झाला, त्यांचे दफन सोपाऱ्यात झाले आणि त्यानंतरची अडीच वर्षे जॉर्डानुस यांनी याच किनाऱ्यावर एकट्याने काढली. महाराष्ट्राच्या मध्ययुगीन इतिहासातील हे प्रकरण अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे ज्ञात नाही.

भिक्षेकरी व्रतस्थांचा उदय

तेराव्या शतकाच्या आरंभी युरोपात दोन नवे धर्मसंघ स्थापन झाले. असिसीचे संत फ्रान्सिस यांचा फ्रान्सिस्कन संघ आणि संत डॉमिनिक यांचा डॉमिनिकन संघ. त्यापूर्वीचे ख्रिस्ती संन्यासी प्रामुख्याने मठांत राहत. मठांच्या जमिनी असत, उत्पन्न असे आणि मठाच्या भिंतीआडचे प्रार्थनामय जीवन हाच त्यांचा आदर्श होता. नव्या संघांतील व्रतस्थांनी मालमत्ता नाकारली आणि भिक्षेवर निर्वाह करत गावोगाव उपदेश करण्याचे व्रत घेतले. म्हणूनच त्यांना 'भिक्षेकरी' संघ म्हटले जाते. माधुकरी मागून उदरनिर्वाह करणाऱ्या भारतीय संन्याशाची कल्पना असलेल्या वाचकाला ही जीवनपद्धती अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच, की हे व्रतस्थ संघाच्या शिस्तीने व वरिष्ठांच्या आज्ञेने बांधलेले असत आणि दूरदेशी धर्मप्रसार करणे हे त्यांचे घोषित कार्य होते.

मंगोलांनी चीनपासून इराणपर्यंतचा भूप्रदेश एका छत्राखाली आणल्यावर या व्रतस्थांना पूर्वेची वाट खुली झाली. इराणमधील तब्रीझ हे त्यांचे मोठे केंद्र बनले. तेथून होर्मुझ बंदर आणि होर्मुझहून जहाजाने भारताचा पश्चिम किनारा, असा मार्ग रूढ होत गेला. फ्रान्सिस्कन व्रतस्थ जॉन द माँतेकोर्व्हिनो यांनी १२९० च्या दशकाच्या आरंभी भारतात सुमारे तेरा महिने वास्तव्य केले आणि पुढे ते चीनला गेले. खानबालिक, म्हणजे आजचे बीजिंग, येथे ते आर्चबिशप झाले. त्यांची पत्रे पोपपर्यंत पोहोचवणाऱ्यांपैकी एक होते तोलेन्तिनोचे थॉमस. हेच थॉमस पुढे ठाण्यात मृत्यू पावले.

जॉर्डानुस यांचे मूळ गाव दक्षिण फ्रान्समधील सेवेराक. 'कातालानी' या आडनावामुळे त्यांना काही काळ स्पेनमधील कातालोनियाचे मानले जाई. त्यांना फारसी येत होती आणि भारतात पाऊल ठेवण्यापूर्वी ते इराणमध्ये वावरलेले होते. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी वसाहतींत फारसीची चलती असल्याने हे भाषाज्ञान त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले.

चौदाव्या शतकातील कोकण किनारा

जॉर्डानुस ठाण्याला पोहोचले तेव्हा महाराष्ट्र राजकीय उलथापालथीतून जात होता. अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ मध्ये देवगिरीवर पहिली स्वारी केली. १३१८ च्या सुमारास यादव घराण्याची सत्ता संपुष्टात आली. १३२० मध्ये दिल्लीत खिलजींच्या जागी तुघलक आले आणि गियासुद्दीन तुघलक सुलतान झाला. उत्तर कोकणातील बंदरांवर दिल्लीच्या वतीने मलिक, म्हणजे लष्करी प्रशासक, आणि काझी, म्हणजे न्यायाधीश, कारभार पाहू लागले होते. ही सत्ता अगदी नवी होती. बंदरातील लोकसंख्या मात्र पूर्वीइतकीच संमिश्र होती. याच काळात देशावर संत नामदेव, चोखामेळा यांची अभंगवाणी घुमत होती आणि ज्ञानेश्वरी लिहिली जाऊन जेमतेम तीस वर्षे लोटली होती.

ठाणे हे तेव्हा मोठे व्यापारी बंदर होते. मार्को पोलो याने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राज्याचे वर्णन करताना तेथील कातडी मालाचा, सुती कापडाचा आणि चाचेगिरीचाही उल्लेख केला आहे. ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी करार असून लुटीतील घोडे राजाला मिळत, असे तो सांगतो. परदेशी घोड्यांची भारतीय दरबारांना किती निकड होती, हे यावरून ध्यानात येते.

ठाण्याच्या उत्तरेला असलेले सोपारा तर त्याहून कितीतरी प्राचीन. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे येथे सापडले आहेत आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. या परिसरात ख्रिस्ती वस्तीही जुनी होती. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने 'कल्लियाना' येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे आणि अनेक अभ्यासक हे स्थळ ठाण्याजवळचे कल्याण असल्याचे मानतात. हे ख्रिस्ती रोमच्या नव्हे, तर इराणमधील पूर्वेकडील चर्चच्या परंपरेतील होते. युरोपीय लेखक त्यांना 'नेस्टोरियन' म्हणत. जॉर्डानुस व त्यांचे सहकारी ठाण्यात उतरले तेव्हा तेथे अशी पंधरा घरे होती, अशी नोंद त्यांच्यानंतर ठाण्याला आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने केली आहे.

ठाणे, एप्रिल १३२१

जॉर्डानुस यांच्यासोबत चौघेजण होते. तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि सिएनाचे पीटर हे तिघे इटालियन फ्रान्सिस्कन होते. चौथे डेमेट्रियस हे जॉर्जियातील तिफ्लिसचे, आजच्या तिबिलिसीचे, असून दुभाष्याचे काम करत. होर्मुझहून निघताना त्यांना कोल्लमला जायचे होते, पण जहाज त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्याला लागले. स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना आश्रय दिला.

या ख्रिस्ती मंडळींना गुजरातेतील भडोच येथे आपले धर्मबांधव असल्याचे ठाऊक होते. त्यांना उपदेश करण्यासाठी कोणीतरी जावे, असे ठरले. फारसी येत असल्याने जॉर्डानुस यांची निवड झाली आणि ते सोपाऱ्याच्या मार्गाने निघाले. ते ठाण्याबाहेर असतानाच मागे राहिलेल्या चौघांवर संकट कोसळले.

प्रकरणाची सुरुवात एका घरगुती भांडणातून झाली. व्रतस्थ ज्या घरात उतरले होते, त्या घरातील पतीने पत्नीला मारहाण केली. पत्नीने काझीकडे दाद मागितली आणि घरातील पाहुणे साक्षीदार असल्याचे सांगितले. काझीसमोर परदेशी धर्मोपदेशक उभे राहताच साक्षीचा विषय बाजूला पडला आणि धर्मावर वाद सुरू झाला. ख्रिस्ताच्या देवत्वावर प्रश्नोत्तरे झाल्यानंतर पैगंबरांविषयी त्यांचे मत विचारण्यात आले. त्यांनी दिलेले कठोर उत्तर उपस्थितांना असह्य झाले. त्यांना बांधून भर उन्हात ठेवण्यात आले आणि नंतर अग्निपरीक्षा घेण्यात आली, असे ओडोरिकच्या वृत्तान्तात म्हटले आहे. जेम्स हे दोनदा आगीतून सुखरूप बाहेर आल्याचेही त्यात वर्णन आहे.

या वृत्तान्तातील लक्षणीय भाग म्हणजे मलिक आणि काझी यांच्यातील मतभेद. हे लोक निरपराध आहेत, असे म्हणून मलिकाने त्यांना सोडून दिले आणि खाडीपलीकडील वस्तीत निघून जाण्यास सांगितले. काझीने मात्र त्याचे मन वळवले आणि रात्री शस्त्रधारी माणसे पाठवून थॉमस, जेम्स व डेमेट्रियस यांना ठार करण्यात आले. सामानाच्या राखणीसाठी घरी राहिलेले पीटर नंतर सापडले. त्यांचाही छळ करून वध झाला. थॉमस यांच्या मृत्यूचा दिवस ९ एप्रिल १३२१ मानला जातो. पीटर यांचा मृत्यू त्यानंतर दोन दिवसांनी झाला, अशी परंपरा आहे. पुढे दिल्लीच्या सुलतानाने मलिकाला बोलावून घेऊन या हत्येबद्दल मृत्युदंड दिला, असेही ओडोरिक लिहितो.

जॉर्डानुस यांना ही वार्ता सोपाऱ्याकडे असताना समजली. जिनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीने त्यांनी सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवले आणि सोपाऱ्याच्या चर्चमध्ये त्यांचे दफन केले.

एकट्याने काढलेली अडीच वर्षे

या घटनेनंतर जॉर्डानुस यांना परत फिरणे शक्य होते. होर्मुझला जाणारी जहाजे ठाण्याहून सुटत होती आणि तब्रीझमध्ये त्यांच्या संघाचे मठ होते. परंतु ते थांबले. त्यांच्या या काळाची माहिती त्यांनी स्वतः लिहिलेल्या दोन पत्रांतून मिळते.

पहिले पत्र १२ ऑक्टोबर १३२१ रोजी खंबायतच्या आखातातील घोघा बंदरातून, इराणमधील डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन व्रतस्थांना उद्देशून लिहिलेले आहे. सहकाऱ्यांच्या हत्येला तेव्हा सहा महिनेच झाले होते. या पत्रात शोकाबरोबर कामाचा हिशेबही आहे. भडोच परिसरात आणि ठाणे-सोपाऱ्यादरम्यान आपण किती जणांना स्नानसंस्कार दिला, याचे आकडे ते देतात आणि व्रतस्थांनी यावे अशी तीन ठिकाणे सुचवतात : सोपारा, भडोच आणि कोल्लम. म्हणजे ज्या किनाऱ्यावर चार सहकारी गमावले, त्याच किनाऱ्यावर आणखी माणसे पाठवा, अशी त्यांची मागणी होती.

दुसरे पत्र ठाण्याहून लिहिलेले असून त्यावर जानेवारी १३२३ ही तारीख आढळते. वर्षगणनेच्या तत्कालीन पद्धतीमुळे काही अभ्यासक ते १३२४ चे मानतात. या पत्राचा सूर वेगळा आहे. सहकाऱ्यांच्या मृत्यूनंतरच्या अडीच वर्षांतील यातनांची यादीच त्यात येते. चाच्यांनी आपल्याला पकडले, तुरुंगवास घडला, आरोप झाले, शिव्याशाप सोसावे लागले, संघाचा झगा हिरावला गेल्याने केवळ अंगरख्यावर भटकावे लागते, असे ते लिहितात. ताप, डोकेदुखी, पोटदुखी, हातापायांची व्यथा यांचीही नोंद ते करतात. स्थानिक ख्रिस्ती समाजात आपल्यामुळे फूट पडल्याची कबुलीही त्यात आहे. पुढे येणाऱ्यांनी सर्व काही सहन करण्याची आणि प्रसंगी प्राण देण्याची तयारी ठेवूनच यावे, असा इशारा ते देतात.

याच पत्रात एक राजकीय सूचनाही आहे. पोपने या समुद्रात दोन गलबते जरी ठेवली, तरी अलेक्झांड्रियाच्या सुलतानाचे मोठे नुकसान करता येईल, असे जॉर्डानुस यांनी सुचवले आहे. भारतातून जाणारा मसाल्याचा माल इजिप्तमार्गे युरोपात पोहोचत असे आणि त्यावरील जकातीतून इजिप्तच्या सुलतानाला मोठे उत्पन्न मिळे. हा मार्ग समुद्रातच अडवावा, अशी ही कल्पना होती. पावणेदोनशे वर्षांनंतर पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात नेमके हेच धोरण राबवले. ठाण्यात बसून उपासमार सोसणाऱ्या या व्रतस्थाला व्यापाराचे मर्म कळले होते. त्याचबरोबर त्यांच्या मनात धर्मकार्य आणि सत्ता या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या नव्हत्या, हेही या सूचनेतून दिसते.

अस्थींचा प्रवास

या सुमारास पोर्देनोनेचे ओडोरिक हे फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्याला आले. चीनला जाताना त्यांनी सोपाऱ्यातील कबरी उघडून चौघांच्या अस्थी सोबत घेतल्या. कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे कोल्लम आणि तेथून पुढे चीनमधील झायतून, म्हणजे आजचे च्वानचौ बंदर, असा त्या अस्थींचा प्रवास झाला. तेथील फ्रान्सिस्कन मठात त्या ठेवण्यात आल्या. वाटेत या अस्थींमुळे आगीपासून रक्षण झाले, वारा पडला असता अस्थी समुद्रात सोडताच तो पुन्हा वाहू लागला, अशा कथा ओडोरिक यांनी सांगितल्या आहेत. त्यांनी आपला प्रवासवृत्तान्त १३३० मध्ये पादुआ येथे सांगून लिहवून घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

ओडोरिक यांनी केलेले ठाण्याचे वर्णन मराठी वाचकाला विशेष रंजक वाटेल. येथील उंदीर कुत्र्याएवढे असून मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, त्यांना कुत्रेच पकडतात, असे ते लिहितात. हे उंदीर म्हणजे कोकणात सर्वांच्या परिचयाची घूस. प्रत्येकाच्या दारापुढे एक झाड असते आणि पाणी घातले की ते कधी सुकत नाही, असेही निरीक्षण त्यांनी नोंदवले आहे. हे तुळशीवृंदावनाचे वर्णन असावे, असा तर्क त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरकार हेन्री यूल यांनी केला आहे.

बिशपपदाची नियुक्ती

जॉर्डानुस पुढे युरोपात परतले. त्या काळी पोपचे वास्तव्य रोममध्ये नसून आव्हिन्यों येथे होते. पोप जॉन बाविसावे यांनी १३१८ मध्ये इराणमधील सुलतानिया येथे महाधर्मप्रांत स्थापन करून तो डॉमिनिकन संघाकडे सोपवला होता. भारताचाही समावेश त्याच्या कार्यक्षेत्रात होता. ऑगस्ट १३२९ मध्ये कोल्लमला धर्मप्रांताचा दर्जा देण्यात आला आणि त्याच महिन्यात जॉर्डानुस यांची तेथील बिशप म्हणून नियुक्ती झाली. लॅटिन कागदपत्रांत या शहराचे नाव 'कोलुम्बुम' असे आढळते. हे कोलंबो नव्हे.

नव्या बिशपांवर आणखीही कामे सोपवण्यात आली. सुलतानियाच्या आर्चबिशपांसाठी 'पॅलियम', म्हणजे त्यांच्या पदाचे चिन्ह असलेला लोकरी पट्टा, घेऊन जाण्याची जबाबदारी त्यांच्यावर व समरकंदचे बिशप थॉमस यांच्यावर होती. केरळातील प्राचीन सिरियन परंपरेच्या ख्रिस्ती समाजाला, म्हणजे नस्राणींना, उद्देशून लिहिलेले पत्रही त्यांच्याकडे देण्यात आले. त्या समाजाने रोमशी ऐक्य साधावे, असा त्या पत्राचा आशय होता.

कोल्लम तेव्हा मिरीच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते आणि चिनी जहाजे थेट तेथवर येत. १३४० च्या दशकात तेथे आलेल्या इब्न बतूताने या बंदराच्या वैभवाचे वर्णन केले आहे. एखाद्या दूरच्या धर्मप्रांतासाठी इतके सोयीचे दुसरे ठिकाण पश्चिम किनाऱ्यावर क्वचितच सापडले असते.

नियुक्तीनंतर जॉर्डानुस कोल्लमला पोहोचल्याचा समकालीन कागदोपत्री पुरावा उपलब्ध नाही. ते पुन्हा उत्तर कोकणात आले आणि तेथेच १३३६ च्या सुमारास मारले गेले, ही कथा परंपरेने चालत आलेली आहे, तिला समकालीन आधार नाही. १३४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोपचे दूत जॉन द मारिन्योल्ली कोल्लमला वर्षभराहून अधिक काळ राहिले. तेथे संत जॉर्ज यांच्या नावाचे लॅटिन चर्च असल्याची नोंद त्यांनी केली आहे. जॉर्डानुस यांचे नाव मात्र त्यांच्या लेखनात येत नाही.

'मिराबिलिया' : एका बिशपाने पाहिलेला भारत

जॉर्डानुस यांचे नाव आज टिकून आहे ते मुख्यतः त्यांच्या 'मिराबिलिया देस्क्रिप्ता' या लहानशा लॅटिन ग्रंथामुळे. 'अद्भुत गोष्टींचे वर्णन' असा या नावाचा अर्थ होतो. ग्रंथाचे हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १८३९ मध्ये त्याची लॅटिन संहिता पॅरिसमध्ये छापली गेली, तर १८६३ मध्ये हेन्री यूल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर हॅक्लुइट सोसायटीने प्रसिद्ध केले. २००५ मध्ये क्रिस्तीन गाद्रा यांची अभ्यासपूर्ण फ्रेंच आवृत्ती प्रकाशित झाली.

ग्रंथात भारताचे तीन भाग कल्पिले आहेत. उत्तर कोकण व गुजरात 'लघु भारता'त येतात, मलबार व त्यापलीकडील प्रदेश 'बृहद् भारता'त, तर पूर्व आफ्रिकेला 'तिसरा भारत' म्हटले आहे. युरोपीयांच्या कल्पनेतील प्रेस्टर जॉन हा ख्रिस्ती राजा त्यांनी आशियाऐवजी इथिओपियात दाखवला आणि असे करणाऱ्या पहिल्या काही लेखकांत त्यांची गणना होते.

कोकणाचे त्यांचे निरीक्षण बारकाईचे आहे. पाऊस वर्षातून केवळ तीन महिने पडतो, दिवस-रात्रीच्या लांबीत दोन तासांपेक्षा अधिक फरक पडत नाही, घोडे-उंट नसल्याने नांगरणी, ओझी वाहणे आणि प्रवास या सर्वांसाठी बैलच वापरतात, अशा नोंदी त्यांत आहेत. नारळ, ताडी, वडाचे पारंबीदार झाड यांची वर्णने आहेत. फणसाचे त्यांनी दोन प्रकार सांगितले आहेत. एक फणस पाच माणसांना पुरतो, असे ते लिहितात. कापा आणि बरका हा भेद जाणणाऱ्या कोकणी माणसाला यातले दुसरे काही समजावून सांगण्याची गरज नाही. 'अनिबा' नावाच्या फळाची गोडी शब्दांत सांगता येत नाही, असेही त्यांनी म्हटले आहे. हा 'आंबा' या शब्दाचा, नकलून घेताना झालेला अपभ्रंश आहे. युरोपीय लेखनातील आंब्याच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत त्याचा समावेश होतो.

जहाजांविषयीची त्यांची नोंद सागरी इतिहासाच्या अभ्यासकांना मोलाची वाटते. येथील मोठी जहाजेदेखील लोखंडी खिळ्यांनी नव्हे, तर दोरीने शिवून बांधलेली असतात, त्यांना वरचे तक्तपोशीचे आच्छादन नसते आणि आत इतके पाणी शिरते, की माणसांना सतत पाण्यात उभे राहून ते उपसावे लागते, असे ते सांगतात. हे वर्णन अतिशयोक्त नाही. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेल्या होड्या गोवा व दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकातही वापरात होत्या. रापणीची मासेमारी आजही ज्या मालवण-आचरा पट्ट्यात होते, तेथील जुन्या मच्छीमारांना ही बांधणी नवी नाही. ठाण्याहून कोल्लमकडे जाणारे प्रत्येक जहाज याच किनाऱ्याला समांतर, आचऱ्याची खाडी आणि मालवणचे खडक डावीकडे ठेवून दक्षिणेस जात असे.

समाजजीवनाच्या नोंदीही महत्त्वाच्या आहेत. अग्नीची पूजा करणारे, चांगले आणि वाईट अशी दोन आदितत्त्वे मानणारे आणि मृतदेह छपराविना बांधलेल्या मनोऱ्यात पक्ष्यांसाठी ठेवणारे लोक येथे आहेत, असे ते लिहितात. पारशी समाजाचे हे युरोपीय लेखनातील एक आरंभीचे वर्णन होय. एका मृत पुरुषासोबत पाच स्त्रिया जिवंत जळताना आपण पाहिल्याचे त्यांनी नमूद केले आहे. मलबारात राजाचा वारस त्याचा मुलगा नसून बहिणीचा मुलगा असतो, ही मातृवंशीय पद्धतही त्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. मिरी विस्तवावर भाजून काळी करतात, हा युरोपातील समज खोटा असून ती उन्हात वाळवली जाते, असा खुलासा त्यांनी केला आहे.

सहकाऱ्यांच्या हत्येनंतर लिहिणाऱ्या या माणसाने येथील सर्वसामान्य लोकांविषयी काय म्हटले आहे, हे पाहणे उद्बोधक आहे. भारतातील लोक आहारात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायाने वागणारे आहेत, असा निर्वाळा ते देतात. हिंदू लोकांमध्ये आपल्या धर्माचा उपदेश निर्धोकपणे करता येतो आणि कोणी स्नानसंस्कार घेऊ इच्छिल्यास त्याला अडवले जात नाही, असेही ते सांगतात. याउलट स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या विखुरलेल्या मंडळींवर मात्र त्यांची टीका आहे. त्यांना श्रद्धेचे ज्ञान नाही आणि ते संत थॉमस यांनाच ख्रिस्त समजतात, असे ते लिहितात. ज्या समाजाने त्यांना घरात ठेवून घेतले, त्याच समाजाला ते परंपरेच्या चौकटीबाहेरचा मानत होते. दुसऱ्या पत्रात उल्लेखिलेल्या फुटीचे मूळ कदाचित येथेच असावे.

साधनांची चिकित्सा

ठाण्यातील घटनेची सर्व माहिती ख्रिस्ती साधनांतूनच मिळते. जॉर्डानुस स्वतः त्या वेळी ठाण्यात नव्हते आणि ओडोरिक नंतर आले. दोघांनीही इतरांकडून ऐकलेले लिहिले. मध्ययुगीन युरोपात रक्तसाक्षींच्या कथा लिहिण्याची एक ठरावीक पद्धत होती. न्यायासनासमोरचा वाद, आगीचा प्रभाव न होणे, मृतदेह दीर्घकाळ ताजे राहणे आणि अखेरीस अपराध्याला शासन, हे घटक अशा अनेक कथांत आढळतात. ठाण्याच्या वृत्तान्तातही ते आहेत. म्हणून चमत्कारांचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवून उरलेला तपशील तपासावा लागतो.

तसे केल्यावर जे शिल्लक राहते, ते या काळातील बंदरजीवनावर प्रकाश टाकणारे आहे. एका ख्रिस्ती घरातील स्त्री मारहाणीविरुद्ध काझीकडे दाद मागू शकत होती. लष्करी प्रशासक आणि न्यायाधीश यांच्यात उघड मतभेद होते. जिनोव्हाचा तरुण, अलेक्झांड्रियाचा मुसलमान, जॉर्जियाचा दुभाषी, इराणी परंपरेचे ख्रिस्ती आणि स्थानिक हिंदू एकाच नगरात वावरत होते. नव्याने स्थापन झालेली सत्ता, धर्मवादात वापरली गेलेली जहाल भाषा आणि जमावाचा दबाव यांतून हा रक्तपात घडला. त्याकडे दोन धर्मांतील सनातन वैराचा पुरावा म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. वृत्तान्तानुसार व्रतस्थांना प्रथम सोडून देणारा मलिक आणि हत्येबद्दल शिक्षा देणारा सुलतान हे दोघेही मुसलमानच होते.

आजच्या खुणा

तोलेन्तिनोचे थॉमस यांना पोप लिओ तेरावे यांनी १८९४ मध्ये 'धन्यवादित' ही पदवी दिली. ९ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन मानला जातो. ओडोरिक यांना त्यापूर्वी, १७५५ मध्ये, हा मान मिळाला होता. जॉर्डानुस यांच्या वाट्याला अशी पदवी आली नाही. परंतु १८८६ मध्ये कोल्लमचा धर्मप्रांत पुन्हा स्थापन झाला तेव्हा आपल्या बिशपांच्या मालिकेत त्याने पहिले नाव त्यांचेच ठेवले.

उत्तर कोकणातील त्यांच्या कार्याची सलग परंपरा उरली नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेल्यावर या भागात कॅथलिक धर्म नव्याने रुजला आणि ठाणे-वसईतील आजचा मराठी ख्रिस्ती समाज त्या दुसऱ्या पर्वातून घडला. जॉर्डानुस यांनी पहिल्या पत्रात सुचवलेल्या सोपाऱ्याच्या परिसराला स्वतंत्र बिशप मिळाले ते १९९८ मध्ये, मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हा. दक्षिण कोकणात २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत निर्माण झाला आणि मालवण, आचरा हा किनाराही त्याच्या कक्षेत आला.

सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरून केव्हाच बुजले. जॉर्डानुस यांनी ज्या चर्चमध्ये सहकाऱ्यांना पुरले, त्याचा मागमूस नालासोपाऱ्याच्या आजच्या दाट वस्तीत उरलेला नाही. अशोकाचे शिलालेख आणि बौद्ध स्तूप यांमुळे सोपाऱ्याचे नाव इतिहासप्रेमींना ठाऊक असते. त्या नावापुढे १३२१ सालच्या या नोंदीचीही भर घालायला हवी. अस्थी चीनला गेल्या, चर्च नाहीसे झाले आणि या सगळ्याची साक्ष म्हणून घोघा आणि ठाणे येथून एका एकाकी माणसाने लिहिलेली दोन पत्रे तेवढी मागे राहिली.